ठोकळ्यांची दालमिल

करडईचं तेल उघड्यावर राहिलं की त्याचा डिंक होतो. उदगीरकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे दिसतं. बुधलीच्या तोंडाशी, डब्याच्या झाकणाखाली, फळीवर जिथं थेंब सांडून राहिला असेल तिथं पिवळा चिवट थर बसतो आणि नखानं खरवडला तरी निघत नाही. आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं. तरीही एका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, प्लास्टिकच्या ठोकळ्यांची आपली दालमिल करडईच्या तेलानं न्हाऊ घातली. ती मिल मग जी बसली, ती बसलीच.

यंदा नवरात्रात उदगीरला गेले तेव्हा ती मला पुन्हा दिसली. मी लातूरला असते, बँकेत नोकरी करते आणि माहेरी जाते ती सणावारी, हातात एक पिशवी घेऊन. या खेपेचं कारण वेगळं होतं. अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, खरी दालमिल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मशिनं आता एका व्यापाऱ्याला विकली होती आणि तो ती दसऱ्यानंतर नेणार होता. "खंडेनवमी झाल्याबिगर एक नट हलवायचा न्हाई," एवढंच अप्पांनी त्याला सांगितलं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे मशिनं पुजतात. शेवटची पूजा आहे, दोघी या, असा अव्वाचा फोन आला. आईला आम्ही अव्वा म्हणतो.

शेडचं दार ढकलून आत गेले, तर वास नव्हता. तुरीच्या सालीचा, तापलेल्या पट्ट्याचा आणि गोणपाटाचा मिळून एक वास या शेडला असायचा. तो आमच्या कपड्यांना, वह्यांना, केसांना यायचा. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी म्हणायची की तुझ्या डब्याला डाळीचा वास येतो. डब्यात डाळच असायची, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आता तिथं धूळ होती आणि पारवे होते. मोटरच्या वरच्या कोनाड्यात अक्काची मिल होती. तिच्यावर भस्माचे इतके थर चढले होते की लाल ठोकळा कुठला आणि पिवळा कुठला हे ओळखू येत नव्हतं. दर खंडेनवमीला अप्पा मोटरला, रोलला, चाळणीला, वजनकाट्याला भस्माची तीन बोटं ओढत, आणि मग हात वर करून कोनाड्यातल्या त्या प्लास्टिकलाही. खेळण्याला कशाला, असं कुणी विचारलं नाही. आमच्या घरात मशीन म्हटलं की भस्म लागायचं.

घर आणि शेड यांच्यामध्ये एकच भिंत होती. सकाळी मोटर चालू झाली की आधी जमिनीतून एक घुमारा यायचा, मग पट्टा फटफटायचा, मग तूर भरडायच्या रोलवर पडायची आणि सगळं घर कुरकुरायला लागायचं. मांडणीवरची ताटं थरथरत. अव्वा त्यांच्यामध्ये फडकी घालून ठेवायची. आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायचो, नव्या पाहुण्यांना वाटायचं इथं भांडण चाललंय. दुपारी मिल जेवायला थांबली की घर एकदम मोठं व्हायचं आणि बेलावरच्या चिमण्या ऐकू यायच्या. त्या वेळी कुणी बोललं तर जास्तच मोठ्यानं बोलल्यासारखं वाटून आम्हीच दचकायचो.

अप्पा मशीनचं दुखणं कानानं ओळखत नसत. ते तळहात लावत. चालत्या मशीनच्या अंगावर हात ठेवून क्षणभर उभे राहत आणि सांगत, "बेरिंग गरम हाय." किंवा, "खालचा बोल्ट बघा." त्याहून जास्त बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आम्हाला ताप आला तरी तसाच हात कपाळावर ठेवून "हाय" किंवा "न्हाई" म्हणत आणि निघून जात. जे मशीन कामाचं नाही, त्याला मात्र ते हातही लावत नसत. शेडच्या मागं एक जुनी चाळणी पडलेली होती, अप्पा तिच्याजवळून रोज जायचे, पण तिच्याकडे त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

चालू शेडमध्ये आम्हा बहिणींना यायची बंदी होती. "वेणी, ओढणी अन् पट्टा, ह्यांचं जमत न्हाई," हे त्यांचं कारण. ते खरंही होतं. उघडे पट्टे असायचे, माणसाला कधी ओढून नेतील सांगता येत नाही. म्हणून आम्हाला शेड दिसायची ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला, सगळं बंद असताना, झेंडूच्या माळा घातलेली. उरलेलं वर्षभर ती नुसती ऐकू यायची.

मला त्याचं काही नव्हतं. मला तिथली धूळ आवडत नव्हती. अक्काला मात्र होतं.

ठोकळे आले ते मावशीच्या यजमानांबरोबर. ते आखातात नोकरीला होते आणि सुट्टीवर येताना दरवेळी काहीतरी निरुपयोगी आणायचे, असं अव्वाचं मत होतं. त्या खेपेला भला मोठा खोका आणला. झाकणावर पिवळ्या क्रेनचं चित्र, आत ठोकळे, भोकं असलेल्या पट्ट्या, दातेरी चाकं, बारीक काळे दांडे, कड्या कड्या जोडून होणारी साखळी. उघडल्यावर जो वास आला तो आमच्या घरात तोवर कधी आलेला नव्हता, नव्या चपलेसारखा पण गोडसर. चाकं मी शेंगदाण्याच्या डब्यात ठेवली, दांडे उदबत्तीच्या पुड्यात आणि ठोकळे पत्र्याच्या पेटीत. वेगळं करून ठेवणं हे माझं काम, जोडणं तिचं. ठोकळा ठोकळ्यावर बसताना टक्क असा एक बारीक आवाज येतो. मिल बंद असेल तेव्हाच तो ऐकू यायचा, म्हणून अक्का दुपारी जोडायची.

क्रेन झाली, मोडली. पाणचक्की झाली, मोडली. लहान पुड्या वर-खाली नेणारा पाळणा झाला आणि अव्वानं त्यातून दोन दिवस मिरच्या नेल्या. मग एके दिवशी अक्कानं भिंतीला कान लावला आणि मला खूण करून बोलावलं.

"ऐक. आता तूर वर चढून राहिलीय. आता पडली. आता घासून राहिलीय. ही बघ चाळणी, हिचा आवाज आडवा हाय."

मला सगळा एकच गोंगाट ऐकू येत होता. तसं मी सांगितलं.

"तू नीट ऐकत न्हाईस," ती म्हणाली. "मी आपली मिल करणार हाय."

आडवा आवाज कसा असतो हे मला अजूनही कळलेलं नाही. पण तिनं मिल केली. बंद शेड तिनं डोळ्यांनी पाठ केली होती आणि चालू शेड कानांनी, आणि ती दोन्ही एकावर एक बसवत गेली. खंडेनवमीला आरतीचं ताट धरायच्या निमित्तानं ती प्रत्येक मशीनच्या आत बोटं घालून यायची. हात काळे करून परत आली की अव्वा तिला बोलायची. साखळीवर ठोकळ्यांचे खण लावून तिनं तूर वर चढवायचा एलेवेटर केला. दोन चाकांवर काचकागद चिकटवून रोल केले. चाळणीसाठी चहाच्या गाळणीची जाळी गेली. खोक्यातला रबरी पट्टा तुटला तेव्हा सायकलच्या ट्यूबची कात्रीनं बारीक चकती कापून तिचा पट्टा झाला. या सगळ्याला कुठं चित्र नव्हतं, नकाशा नव्हता. होतं ते तिच्या डोक्यात, आणि ती सारखी एक कान भिंतीकडे करून बसलेली.

एक गोल लाल ठोकळा होता, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा. तो अंगणात वाळत घातलेल्या तुरीत पडला आणि तुरीबरोबर आत गेला. आम्ही तो गेला म्हणून सोडून दिला होता. काही दिवसांनी एका हमालानं तो आणून दिला, डाळीत सापडला म्हणून. रोलमधून जाऊन आला होता. वरचा उंचवटा घासून गेला होता, अंगावर तिरके ओरखडे होते आणि त्याला चालू शेडचा वास होता. आमच्या घरातून चालू शेडमध्ये जाऊन आलेली ती एकच बाई, असं मी म्हणाले. अक्का हसली नाही. तिनं तो उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिला आणि रोल कुठल्या अंगानं फिरतो ते त्या ओरखड्यांवरून ठरवलं. तिचा रोल तोवर उलटा फिरत होता. तो तिनं सुलटा केला, आणि तो लाल ठोकळा एलेवेटरच्या टोकावर बसवून टाकला.

जेवताना एकदा तिनं अप्पांना विचारलं, "मला चालू शेड बघायचीय."

अप्पा भाकरी कुस्करत होते. "तुझी ती फिरती का?"

"फिरती."

"डाळ पडती?"

"पडंल."

"पडली की नेतो तुला. हात धरून नेतो."

त्यांनी मान वर केली नव्हती. पण अप्पा बोलले म्हणजे बोलले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काचा घास हातातच राहिला.

डाळ पडली ती एका दुपारी, आम्हा दोघींसमोर. बरीच तूर अख्खीच खाली आली, काहींची सालं निघाली, आणि मग जाळीवर एक दाणा दोन पिवळ्या पाकळ्या होऊन पडला. अक्कानं त्यातली एक पाकळी मला दिली, एक स्वतः तोंडात टाकली. कच्ची तूर काही चांगली लागत नाही. पण ती चव मला आजही जिभेवर आणता येते.

खंडेनवमी आठवड्यावर आली होती. अप्पांसमोर त्याच दिवशी ठेवायची, असं तिनं ठरवलं. आदल्या दिवशी शेडमध्ये मिस्त्री प्रत्येक मशीन पुसून त्याला तेल देत होता, कारण कोरड्या मशीनची पूजा करत नाहीत. मग अक्का तरी आपली मिल कोरडी कशी ठेवणार? स्वयंपाकघरातून तिनं वाटीभर करडईचं तेल घेतलं आणि वातीनं एकेका चाकावर, एकेका दांड्यावर थेंब सोडत बसली. अव्वा तिथंच कण्या पाखडत होती. मी होते. कुणाला काही वाटलं नाही. उलट मिल लोण्यासारखी फिरायला लागली, आणि आम्ही तिघीही खूश झालो.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी ती मिल मोटरवरच्या कोनाड्यात ठेवली आणि तीन बोटं भस्म ओढलं.

"फिरवा की अप्पा," अक्का म्हणाली.

"आज मशीन फिरवत नसतेत. उद्या, दसऱ्याला."

हेही खरंच होतं. त्या दिवशी यंत्रांना विसावा असतो.

दसऱ्याला काय झालं ते मला आठवत नाही. आपट्याची पानं आठवतात. शेडबाहेर लागलेले ट्रक आठवतात, तुरीची पोती, माणसांची ये-जा, आणि त्या गर्दीत कधी इकडं कधी तिकडं दिसणारी अप्पांची पाठ. पुढं रोजच मिल चालू, आणि कोनाडा चालू शेडमध्ये, तिथं आम्हाला बंदी. दिवाळीच्या सुट्टीला मिल थांबली तेव्हा अक्का आत गेली आणि आपल्या मिलची फिरवायची दांडी धरली. दांडी हलली नाही. चिकट नव्हती, घट्ट होती, सगळे मिळून एकच ठोकळा ओतल्यासारखी. तिनं जोर लावला नाही, मोडेल म्हणून. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "राहू दे," आणि ती मिल तिनं होती तिथं परत ठेवली.

अप्पांना तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांनीही काही काढलं नाही. उरलेले ठोकळे पेटीसकट माळ्यावर गेले. अक्का शिकायला नांदेडला गेली, लग्न होऊन नायगावला गेली, तिथल्या शाळेत गणित शिकवायला लागली. मी लातूरला आले. मिल कधी चालली, कधी थांबली, मग थांबलीच. चालू शेड अक्कानं पाहिली नाही, आणि आता पाहायला चालू शेड उरलीही नव्हती. माहेरी आल्यावर ती भिंतीशी पाठ टेकून बसायची, एवढं मी पाहत आले आहे.

अप्पांचे कान त्या मिलनं नेले. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलंय, ते स्टीलच्या डबीत असतं. "त्यात नुसती शिट्टी वाजती," म्हणतात. अव्वा त्यांच्याशी हातवारे करून बोलते आणि ते हातवारे फार वाईट करते, त्यामुळं पाणी मागितलं तर चहा येतो.

या वेळी अक्का नायगावहून बस बदलत दुपारी पोचली. पिशवी ठेवली, पाणीही न पिता शेडमध्ये गेली आणि कोनाड्यातून मिल काढून ओट्यावर घेऊन आली. मला वाटलं पुसणार. तिनं परात मागवली, कोमट पाण्यात सोडा टाकला आणि पहिला ठोकळा उपटला.

"अगं, मोडून राहिलीस का?" मी म्हणाले. "परत जमंल का तुला?"

"बघू."

"चित्र न्हाई, काही न्हाई. राहू दे की तशीच. इतकी वर्षं राहिली."

"तेच म्हणते मी. इतकी वर्षं राहिली."

मला खरंच भीती वाटली. ती जशी होती तशी मला चालत होती, बसलेली, भस्म लावलेली. मोडून बसवता आली नाही तर परातीत नुसते ठोकळे राहणार होते, आणि ते भरून ठेवायला पुन्हा मी. पण दांडे निघत गेले. जिथं निघत नव्हते तिथं अक्का थांबायची, पाणी मुरू द्यायची. मी सुईनं दात्यांमधला पिवळा डिंक काढत बसले. पाणी राखाडी झालं तेव्हा अव्वा आली आणि परात उचलली. भस्माचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नसतं, म्हणून तिनं ते बेलाच्या बुडाशी घातलं. ठोकळे टॉवेलवर पसरले. लाल लाल झाला होता, पिवळा पिवळा झाला होता. तो रंग मी विसरले होते, हे मला त्या वेळी कळलं.

मग मी पूर्वीसारखे ते वेगवेगळे केले आणि अक्का जोडायला बसली. टक्क, टक्क. मिल बंदच होती, त्यामुळं प्रत्येक ठोकळा ऐकू येत होता. मध्येच ती अडायची, डोळे मिटायची, तोंडानं काहीतरी बारीक आवाज काढायची आणि पुन्हा हात चालू. तिनं एकदाही मला विचारलं नाही की इथं काय होतं. लाल घासलेला ठोकळा शेवटी एलेवेटरच्या टोकावर गेला. काचकागद नवा लावला. सायकलच्या ट्यूबची चकती जुनीच, ताणून पाहिली, तुटली नाही, म्हणून तीच चढवली.

अव्वा वाटी घेऊन आली. "थोडं तेल सोड की गं. कोरडी कशी पुजायची?"

"अव्वा, प्लास्टिकला तेल लागत न्हाई."

"कोण म्हणतं?"

"आता मीच म्हणते."

अव्वा वाटी घेऊन परत गेली. तिला ते पटलेलं नव्हतं.

खंडेनवमीला अप्पांनी मोटरला, रोलला, चाळणीला भस्म लावलं आणि कोनाड्याकडे हात नेला. मिल रंगीत दिसल्यावर त्यांचा हात जरा थांबला. मग तीन बोटं ओढली गेली. अक्का ताट धरून उभी होती. फिरवा, असं ती म्हणाली नाही.

दसऱ्याला सकाळी तिनं मिल खाली घेतली आणि मोठ्या रोलच्या चौथऱ्यावर ठेवली. अप्पा दारात खुर्चीवर बसले होते. अव्वानं मूठभर तूर आणली होती. अक्कानं ती वर ओतली आणि दांडी फिरवायला सुरुवात केली. खण भरून वर चढू लागले. लाल ठोकळ्यापाशी वळून तूर खाली पडू लागली. रोल कुरकुरला, चाळणी हलू लागली, आणि त्या रिकाम्या शेडमध्ये एक बारीक मिल चालू झाली. पारवे उडाले. मी अक्काच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग पाहवेना, म्हणून अप्पांकडे पाहिलं. त्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते जाळीकडेही पाहत नव्हते, तिथं एक पिवळी पाकळी पडलेली होती.

ते उठले. काठी खुर्चीला लावून चौथऱ्यापाशी आले आणि फिरत्या मिलच्या अंगावर त्यांनी तळहात ठेवला. अक्काचा हात थांबू लागला तशी त्यांनी मानेनंच खूण केली, चालू ठेव. तसेच क्षणभर उभे राहिले.

"पट्टा ढिला हाय," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. कान गेल्यापासून त्यांना आपला आवाज कळत नाही.

"हाव अप्पा," अक्का त्यांच्या कानाशी ओरडली. "दांडा एक भोक मागं घेते."

तिनं एका हातानं दांडी फिरवत दुसरा हात पट्ट्याकडे नेला आणि खाली वाकली. साडीचा पदर खांद्यावरून सुटून चाकांच्या बाजूला आला. अप्पांनी तिचं मनगट धरलं.

"पदर खोच आधी," ते ओरडले. "मशीन चालू हाय."

अक्कानं पदर कमरेला खोचला. तिचं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.